आत्यांचं औषध

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. नात्यानं त्या माझ्या आत्या नव्हेत, पण आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत सुनेनं सासूला आत्या म्हणायचं आणि सासऱ्यांना मामा, ही रीत. सिल्वासाला आलो तेव्हा शेजारच्या गुजराती बायकांना याची फार गंमत वाटायची. "तुमची फोई का सासू? एक काय ते ठरवा," असं म्हणून त्या हसायच्या. त्या देरासर म्हणतात, आम्ही बस्ती म्हणतो. त्या चोविहार म्हणतात, आम्ही नुसतं 'दिवस असता जेवण' म्हणतो. शब्द निराळे, पण संध्याकाळी सहाला कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांच्याच घरातून ऐकू यायच्या.

हे पिपरियाच्या एका कापड कारखान्यात नोकरीला होते, म्हणून आम्ही इथं. मामा गेल्यावर आत्याही आमच्याकडं आल्या. त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेण्याचा नियम घेतला होता आणि तो मोडल्याचं कुणी पाहिलेलं नाही. बाळंतपणात नाही, टायफॉइडमध्ये नाही. त्यांच्या आईनं १९५५ साली कुंथलगिरीला जाऊन आचार्य शांतिसागर महाराजांचं सल्लेखनेच्या वेळचं दर्शन घेतलं होतं. त्या गोष्टीवर हे घर उभं आहे असंच आत्या मानायच्या.

२०१९ च्या उन्हाळ्यात त्यांचा जुना स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरल्याचं कळलं. मणक्यात आणि उजव्या खुब्यात. त्या कधी कण्हायच्या नाहीत. मी मोरीत भांडी घासत असताना त्या स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभ्या राहायच्या आणि मी मागं वळून पाहिलं की म्हणायच्या, "काही नाही, उभी आहे." बसता येत नव्हतं म्हणून उभ्या होत्या, हे मला कळायला आठवडा लागला.

आधीच्या गोळ्या पुरेनात. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन मी तीन दवाखाने आणि सहा मेडिकल फिरले. एका दुकानदारानं चिठ्ठी दोन बोटांत धरून परत दिली, जणू मीच काही भलतं मागत होते. दुसरा म्हणाला, "बेन, ये तो हम रखते ही नहीं, लफडा है." शेवटी एकानं सांगितलं की मुंबईला जा.

हा 'लफडा' कुठून आला ते मी नंतर समजून घेतलं. आपल्या देशात अफू पिकते, तीही सरकारी परवान्यानं, नीमच-मंदसौरकडं आणि राजस्थानात चित्तोडगडकडं. गाझीपूर आणि नीमचला सरकारी कारखाने आहेत. म्हणजे मॉर्फिनचं मूळ आपल्या घरातच. पण १९८५ साली अंमली पदार्थांचा मोठा कायदा आला, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, आणि त्याच्या धाकानं औषधाचं मॉर्फिनही दुकानांतून नाहीसं होत गेलं. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. एका रुग्णालयाला ठेवायचा परवाना वेगळा, आणायचा वेगळा, राज्याबाहेरून पाठवायचा वेगळा, आणि एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे वेदनाशमनाचं काम करणारे डॉक्टर वर्षानुवर्षं याच्या मागं लागले, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन आणि त्यासारखी काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली, देशभर एकच नियम झाला आणि मान्यताप्राप्त संस्थेला एका परवान्यावर ती ठेवता येऊ लागली. कागदावर लफडा पाच वर्षांपूर्वी संपला होता. दुकानदाराच्या मनातला संपला नव्हता.

वापीहून फ्लाइंग राणीनं मुंबईला गेलो. परळच्या टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा वेगळा विभाग आहे. तिथल्या बाईंनी आत्यांना आधी बसवलंच नाही, आडवं केलं, आणि मग विचारलं, "दुखणं दहापैकी किती?" आत्यांना प्रश्न कळेना. "म्हणजे परीक्षेसारखं का?" बाई म्हणाल्या, "हो. खोटे मार्क देऊ नका." आत्या माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "नऊ."

साधी मॉर्फिनची गोळी चार-चार तासांनी घ्यावी लागते. रात्री एकदा दुप्पट देऊन मधली एक चुकवता येते, पण ती दुप्पटही झोपतानाच. आत्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "सूर्य मावळल्यावर मी काही घेत नाही." मला वाटलं आता डॉक्टरीणबाई चिडणार. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी बारा तास टिकणारी गोळी काढली, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. मध्येच उसळलं तर लवकर लागू पडणारी दहा मिलिग्रॅमची साधी गोळी, आणि पोट बांधलं जातं म्हणून रोजचं रेचक. सूर्योदयानंतर दोन घटका काही न घेण्याचाही आत्यांचा नियम होता. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "सकाळची सूट मी घेते. संध्याकाळची नाही." सौदा पटला.

परतीच्या गाडीत त्यांनी मला विचारलं, "ही अफूच ना गं?"

मी हो म्हटलं. आमच्या शेजारच्या घरी खसखससुद्धा वर्ज्य, अफूच्या बोंडातली म्हणून. आणि आत्या सप्तव्यसनांवर लहान मुलींना शिकवणाऱ्या बाई. मद्य म्हणजे नुसती दारू नव्हे, शुद्ध हरपवणारं सगळं मद्यच, हे त्यांचंच वाक्य. मी तयारीत होते की आता गोळ्या परत करा म्हणतील. पण पालघर गेल्यावर त्या म्हणाल्या, "तत्त्वार्थसूत्रात नवव्या अध्यायात आर्तध्यान चार प्रकारचं सांगितलंय. त्यातलं एक वेदनेचं. दुखतंय, कधी थांबेल, कधी थांबेल, एवढंच मनात फिरत राहणं. गेले दोन महिने मी णमोकार म्हणते आणि मनात खुबा असतो. मग शुद्धीत राहून मी काय मिळवलं?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "महाराजांसारखं मला जमायचं नाही. गोळी घेते."

त्या दिवसापर्यंत मी आमच्या धर्माच्या वेदनेबद्दलच्या बोलण्याकडं फक्त सहन करण्याचा उपदेश म्हणून पाहत होते. औषधदान हे चार दानांपैकी एक आहे हे पाठ होतं, पण औषध घेणाऱ्याच्या बाजूनं कधी विचार केला नव्हता.

तीन आठवडे बरे गेले. आत्या बसू लागल्या, एक दिवस तर त्यांनी माझ्या हातच्या भाकरीला नाव ठेवलं. मग ऑगस्टमध्ये नणंदेची मुलगी टोरांटोहून आली.

आज्जीवर तिचा फार जीव. आल्या दिवशी रात्री सगळे झोपल्यावर ती माझ्याकडं आली आणि मोज्याच्या जोडीतून एक काळी काचेची बाटली काढली. करंगळीएवढी, वर थेंब सोडायची रबरी टोपी. "मामी, हे गांजाचं तेल आहे. आमच्याकडं कायदेशीर आहे. माझ्या मैत्रिणीच्या आईला केमोच्या वेळी याचाच आधार होता. जिभेखाली दोन थेंब, बास."

कॅनडात औषधासाठी २००१ पासून आणि सरसकट ऑक्टोबर २०१८ पासून गांजा चालतो, हे खरं. पण तो देशाबाहेर न्यायला तिथलाही कायदा बंदी घालतो, हे पोरीला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझ्या घरात, जिथं कांदा-लसूण येत नाही तिथं, डाळीच्या डब्यामागं गांजा आहे. त्या रात्री मी तीनदा उठून दाराची कडी तपासली.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका वकिलांकडं गेले. 'एका मैत्रिणीचं' म्हणून विचारलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सांगितलं ते असं. कायद्यानं या एका झाडाची भावाभावांत शेताची करतात तशी वाटणी केली आहे. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि झाडाचा चीक म्हणजे चरस, हे दोन्ही एनडीपीएसमध्ये. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यातून बाहेर, म्हणून भांग वाचली. १९६१ च्या जागतिक करारावर सही करताना भारतानं पानांना वगळून घेतलं होतं, त्याचा हा परिणाम. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' धरतात, पण अल्प म्हणजे माफ नव्हे, त्यालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि परदेशातून आणणं हा वेगळा गुन्हा.

"पण औषधासाठी असलं तर?" मी विचारलं.

"कलम आठमध्ये औषधी आणि वैज्ञानिक वापराला मुभा आहे," ते म्हणाले. "पण ती मुभा परवान्याला आहे, पिशवीला नाही. तुमच्या मैत्रिणीला सांगा, बाटली घरात ठेवू नका."

मी बावळटासारखं विचारलं की सिल्वासात काही वेगळं आहे का. हा प्रश्न वाटतो तेवढा वेडा नाही. इथं राहणाऱ्या माणसाला सवयच असते की कायदा रस्त्यावर बदलतो. सिल्वासाहून वापीला निघालं की आधी नगर हवेली, मग लवाछ्याचा गुजरातचा पट्टा, मग दादरा, मग पुन्हा गुजरात. अर्ध्या तासात सरहद्द तीनदा ओलांडायची. आमच्याकडं दारू उघड मिळते, पलीकडं गुजरातमध्ये बंदी, म्हणून शनिवार-रविवारी त्या बाजूच्या गाड्यांची इथल्या दुकानांपुढं रांग आणि परतीच्या वाटेवर पोलिसांची तपासणी. एकदा माझ्या पिशवीतली काढ्याची बाटली उघडून एका हवालदारानं वास घेतला होता आणि बराच वेळ त्याच्या चेहऱ्यावरचा आडुळसा गेला नव्हता.

भांगेचं तर याहून मजेशीर. दारू चालणाऱ्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. आणि दारूबंदीच्या गुजरातनं २०१७ साली भांग आपल्या बंदीतून काढून टाकली, महादेवाचा प्रसाद म्हणून. म्हणजे तलासरी ओलांडून भिलाडला आलं की दारू वाईट होते आणि भांग बरी होते. वकील म्हणाले, "तुमची गंमत पानांपुरती खरी आहे. शेंड्यांचा कायदा दिल्लीचा. तो वापीत, सिल्वासात आणि मुंबईत एकच. अपील केलंत तर ते मुंबई हायकोर्टातच जाईल."

त्याच आठवड्यात मी वापीच्या एका वयस्कर वैद्यांनाही विचारलं. एव्हाना मला थांबता येत नव्हतं. त्यांनी भांगेला 'विजया' म्हटलं आणि एकदम आवाज खाली आणला, हे मला आठवतं. औषधात ती आहे, जातीफलादि चूर्णात आहे, मदनानंद मोदकात आहे. औषधांच्या नियमांत विषारी द्रव्यांची यादी आहे, तिच्यात तिचं नाव आहे, म्हणून ज्यात ती आहे ते वैद्याच्या देखरेखीखालीच द्यायचं. धुऊन, दुधात शिजवून, तुपावर परतून मगच वापरायची. मी विचारलं, आत्यांना द्याल? त्यांनी आत्यांच्या गोळ्यांची यादी पाहिली आणि मान हलवली. "हे भूक वाढवतं, झोप आणतं, जुलाब बांधतं. तुमच्या सासूबाईंचं पोट मॉर्फिननं आधीच बांधलेलं. आणि गुंगीवर गुंगी. नाही देणार." पैसे घेतले नाहीत. नाही म्हणणाऱ्या वैद्यावर माझा विश्वास बसतो.

मग मी आत्यांना सांगितलं. लपवून पाजायचं माझ्या मनात आलंच नाही असं नाही. भाचीनं ते सुचवलंही होतं, दुधातून. पण ज्या बाईनं पाण्याच्या घोटाचा हिशेब साठ वर्षं ठेवला तिला दुधातून काही देणं मला जमणार नव्हतं. आत्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली. "काय काय निघतं बाई," म्हणाल्या. मग भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढ्या लांबून आणलंस. पण नको. एक अफू पुरे."

भाची गेली. बाटली राहिली. यांना मी तोवर सांगितलं नव्हतं, ते सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. "नोकरी जाईल, घर जाईल, पेपरात नाव येईल," हे म्हणाले. त्या रात्री मी मोरीत उभी राहून बाटली ओतली, वर दोन बादल्या पाणी आणि फिनेल. हात थरथरत होते. गवतासारखा, जरा डिंकासारखा वास होता.

पुढचं दशलक्षणातलं आहे. पहाटेचे तीन असतील. संध्याकाळच्या गोळीचा जोर पहाटेपर्यंत ओसरायचा, आणि जवळची साधी गोळी आत्या रात्री घ्यायच्या नाहीत, कारण तिला पाणी लागतं. मी त्यांचे पाय चेपत होते. दशलक्षणातले उपवास त्यांनी त्या वर्षी केले नव्हते, याचंही त्यांना लागलं होतं. खुबा ठणकत होता. चादर मुठीत धरलेली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि मग अंधारात म्हणाल्या,

"त्या पोरीनं आणलेलं आहे का गं? जिभेखालीच चोळायचं होतं ना? त्याला पाणी लागत नाही."

मी म्हटलं, "ती परत घेऊन गेली, आत्या."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

सकाळी उजाडताच मी परळला फोन लावला. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना त्वचेवर लावलेलं चालतं का?" फेंटानिल नावाचं औषध असतं, त्याची चिकटपट्टी मिळते. दंडावर किंवा छातीवर लावायची, तीन दिवस काम करते. तोंडानं काही नाही, पाणी नाही, रात्र-दिवस सारखा. मॉर्फिनपेक्षा बरीच महाग, पण आत्यांसारख्या स्थिर दुखण्याला चालते. हे त्याच दिवशी आणायला गेले. पट्टी लावल्यावर पूर्ण जोर यायला दिवस लागतो, तोवर गोळ्या चालूच ठेवल्या. आत्यांनी दंडावरच्या त्या पारदर्शक चौकोनाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लेप. लेपाला काय हरकत?" पहिल्या भेटीतच हे का नाही सांगितलं असं मी नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गोळीवर मात्रा बसल्याशिवाय पट्टी देता येत नाही. बरोबरच होतं. तरी मला राग आला होता, कुणावर ते सांगता येत नाही.

पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. फोनवर, घरोघरी, पत्रांतून, आता मोबाइलवर फुलांच्या चित्रांसकट. आत्यांच्या पायांवर डोकं ठेवून मी म्हटलं, "त्या रात्री मी खोटं बोलले. मी ते ओतून टाकलं होतं."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाल्या. "मोरीला दोन दिवस वास येत होता. फिनेल घालून जातोय होय तो?"

आत्या गेल्यावरही मी वाचत राहिले. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की मी मोरीत काय ओतलं.

कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या डॉ. ओशॉनेसींनी १८३९ साली या झाडावर लिहिलं, तेव्हापासून युरोपच्या औषधपेट्यांत ते गेलं. त्यांच्या रुग्णांत पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश झालेला एक माणूस होता. तो वाचला नाही, पण यातना कमी झाल्या आणि त्याला थोडं गिळता आलं. १८९३-९४ साली इंग्रज सरकारनं गांजा-भांगेवर आयोग नेमला, त्यानं ११९३ साक्षीदार तपासले आणि सरसकट बंदी नको म्हणून सांगितलं. इस्रायलच्या राफाएल मेशुलम यांनी १९६४ साली यातला नशेचा घटक, टीएचसी, वेगळा काढला. नशा न आणणारा दुसरा घटक आहे सीबीडी. त्याचं शुद्ध औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये मान्य झालं, मुलांच्या दोन हट्टी फेफऱ्यांसाठी. त्यातल्या ड्रॅव्हे नावाच्या आजाराच्या चाचणीत १२० मुलं-तरुण होते. औषध मिळालेल्यांचे महिन्याचे झटके साधारण १२ वरून ६ वर आले, न मिळालेल्यांचे जवळजवळ तसेच राहिले. महिन्याला सहा झटके कमी म्हणजे काय, हे ज्या घरात असं मूल आहे त्या आईला विचारावं. पण तेही औषध इतर फिटच्या गोळ्यांशी भांडतं, गुंगी वाढते, यकृतावर ताण येतो, म्हणून रक्त तपासत द्यावं लागतं. झाडपाला आहे, अपाय काय व्हायचा, असं म्हणणाऱ्या बायका मला भेटतात. त्यांना मी हे सांगते.

आणि कॅन्सरच्या दुखण्याला? केमोच्या उलट्यांसाठी टीएचसीच्या धर्तीची औषधं १९८५ पासून अमेरिकेत आहेत, ती चालतात. पण मॉर्फिननंही न हटणाऱ्या कॅन्सरच्या वेदनेवर या झाडाच्या फवाऱ्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत ठरवलेला परिणाम दिसला नाही. म्हणजे त्या दोन थेंबांनी आत्यांचा खुबा बहुधा थांबला नसता. कदाचित झोप लागली असती. कदाचित. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

त्या ऐवजी मला शार्लट कॉल्डवेल नावाची उत्तर आयर्लंडची बाई आठवते. तिच्या बारा वर्षांच्या मुलाला, बिलीला, फिट यायच्या. जून २०१८ मध्ये ती त्याच्यासाठी हेच तेल घेऊन लंडनच्या विमानतळावर उतरली. तेही टोरांटोहूनच. मोज्यात लपवून नाही, अधिकाऱ्यांना दाखवून. त्यांनी ते जप्त केलं. मुलाला पुन्हा फिट आल्या, दवाखान्यात न्यावं लागलं, देशभर आरडाओरड झाली आणि गृहमंत्र्यांना विशेष परवानगीनं ते तेल परत द्यावं लागलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून ब्रिटनमध्ये तज्ज्ञ डॉक्टरांना गांजाची औषधं लिहून देता येऊ लागली. मी बाटली ओतली त्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारतानं काढण्याच्या बाजूनं मत दिलं. मी ही बातमी यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "म्हणून आपल्याकडचा कायदा बदलला का?" बदलला नव्हता.

आमच्या स्वाध्यायाच्या बायकांत मी हे एकदा बोलले. गांजा हा शब्द उच्चारल्याबरोबर एकीनं सामायिकाची माळ पिशवीत घातली. एक म्हणाली, हे तरुण पोरांच्या कानावर पडलं तर? तिची भीती खोटी नाही. माझ्या माहेरच्या गावात मी चिलमीपायी गेलेली घरं पाहिली आहेत, आणि औषधाच्या नावाखाली तेच विकणारे लोकही असणार. म्हणूनच तर चिठ्ठी हवी, डॉक्टर हवा, नोंद हवी, असं मी म्हटलं. बैठक संपल्यावर जिना उतरताना एक जण मागं राहिली. तिच्या नातवाला फिट येतात. तिनं मला त्या सीबीडीचं नाव कागदावर लिहून मागितलं. मी लिहून दिलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, बाहेरून कुणाकडून मागवू नका.

आत्या दिवाळीनंतर गेल्या. शेवटचे दहा दिवस त्यांनी अन्न हळूहळू सोडलं, आम्ही आग्रह केला नाही. पट्टी दंडावर होती. शेवटच्या दुपारी माझ्याबरोबर त्या ओठ हलवत होत्या, आणि माझी एक ओळ चुकली तर डोळ्यांनी त्यांनी ती दाखवून दिली.

तेराव्यानंतर कपाट आवरताना उरलेल्या गोळ्या सापडल्या, आणि दोन पट्ट्या. हे म्हणाले, टाकून दे. मोरी मला पुन्हा नको होती. मी सगळं डब्यात घालून, चिठ्ठ्यांसकट, फ्लाइंग राणीनं परळला गेले. खिडकीपलीकडच्या सिस्टरनं आत्यांचं नाव विचारलं, मोठं रजिस्टर उघडलं आणि गोळ्या ट्रेमध्ये ओतून एक-एक बाजूला सारत मोजल्या. साध्या बावीस, बारा तासांच्या नऊ, पट्ट्या दोन. तिनं आकडे लिहिले, माझी सही घेतली आणि डबा परत दिला.